चकवा

हॉज गावाबाहेर ईडिथ ऑल्डरसनचं घर.
दोन खोल्या पाहुण्यांना, तिसरी मला भाड्याने,
सहा वर्षं झाली.
नकाशावर मात्र हे घर होतं
मेटकाफच्या कुरणात, तीनशे मीटर खाली,
मेंढ्यांच्या मधोमध.

आमच्या कोकणात याला चकवा म्हणतात.
वाट ओळखीची वाटते, पाय चालत राहतात,
आणि माणूस फिरून फिरून त्याच गडग्याशी.
यॉर्कशायरच्या चकव्याला आवाजही आहे,
बाईचा, शांत:
आपण मुक्कामी पोहोचलात.

मग भाड्याच्या गाड्या चिखलात उभ्या,
काचा खाली, हात वर, रेंज शोधत.
ओसाकाचं जोडपं, लेस्टरचे तिघे भाऊ,
एकदा तर लग्नाला निघालेला बॅगपाइपवाला.
ईडिथ संध्याकाळी सहाला बूट चढवायची,
बॅटरी घ्यायची, जूनचं लख्ख ऊन असलं तरी,
आणि खाली जायची, आणायला.
फाटकाशी हवापाण्याच्या गप्पा,
गडगा संपेस्तोवर नाव, पेशा, गुडघेदुखी,
आणि घर येता येता बहुतेक जण
कुणाला तरी सांगायचं राहिलेलं सांगून मोकळे.
रात्री ती वहीत लिहायची:
मि. ओकाफोर. अंडं नको. आई नुकतीच गेली.
तिघे भाऊ. एकमेकांशी बोलत नाहीत. टोस्ट जास्त.

माझं पोटही याच धंद्यावर.
हॉटेलांच्या रिकाम्या खोल्यांचे भाव
तासातासाला वरखाली करणारं एक यंत्र
मी लीड्सच्या कंपनीसाठी राखते,
गुरं राखावीत तसं.
म्हटलं, म्हातारीला एवढं तरी करून देऊ.
खूण उचलली, वर सरकवली,
नेमकी तिच्या छपरावर ठेवली.
चार मिनिटं. चहासुद्धा निवला नाही.
वर दाराला आकड्यांचं कुलूपही बसवून दिलं.

आता गाड्या थेट अंगणात.
आकडा फोनवर आधीच आलेला,
पाहुणे जिना चढतात मांजराच्या पावलांनी
आणि जाताना पाच तारे ठेवून जातात.
सापडायला सोपं. सापडायला अगदी सोपं.
ईडिथ वहीत लिहिते तारीख,
पुढे खोलीचा नंबर,
पुढे काही नाही.

तरी सहाला बूट चढतातच.
परवा खिडकीतून पाहिलं:
फाटकापाशी उभी, बॅटरी बंद,
मेंढ्या तिच्याकडे बघतायत
आणि ती रस्त्याकडे.

काल भांडी पुसता पुसता म्हणाली,
ते तू सरळ केलंस ना,
पुन्हा वाकडं करता येईल?
फार नको. फाटकापर्यंत.

मी शिकले ते सगळं नेमकेपणाचं,
चूक हुडकायची, बुजवायची.
चूक पेरायची कशी, हे कुठल्याच परीक्षेत नव्हतं.
रात्री लॅपटॉप उघडला,
लाल टाचणी चिमटीत धरली,
खाली, अजून खाली, गडगा ओलांडून
फाटकाशी सोडली.
कारण विचारलं. रकाना लहान होता.
लिहिलं: यजमान इथे भेटतात.

उत्तर आलं, पडताळणी सुरू आहे,
तीन दिवस लागतील.
ईडिथला सांगितलं.
बरं, म्हणाली,
आणि बॅटरीत नवे सेल घातले.