तिसरा मसुदा

रेश्मा वाघमोडेचं तिसरं प्रकरण
मी रात्री दोनपर्यंत बसून सुधारलं,
लाल शाईनं.
सकाळी विभागात येऊन तिनं पानं चाळली.
"मॅडम, छान झालंय.
फक्त यात मी कुठंय, ते सापडेना."

माझ्या गाइडनीही असंच केलं होतं.
त्यांची अर्धविरामाची सवय
अजून माझ्या वाक्यांत आहे,
सासरच्या आडनावासारखी.

शनिवारी तिच्यामागून वेताळ टेकडी चढले.
खाणीच्या काठाशी ती उकिडवी बसली,
एक गवत दोन बोटांत धरून म्हणाली,
"याचं पुस्तकातलं नाव चुकलंय.
ते गवत आमच्या माणातल्या मेंढ्या ओरबाडून खातात,
याला तोंडसुद्धा लावत नाहीत."

पुस्तक माझ्या गाइडचंच.
त्यांची बाजू जिभेवर आली होती,
गिळली.
"का नाही लावत?" एवढंच विचारलं
आणि गप्प राहिले.
अठरा वर्षं शिकवतेय,
इतकं गप्प राहणं पहिल्यांदाच जमलं.

खाली कोथरूडचे दिवे लागले
तरी ती बोलतच होती.

आता मी पेन्सिल वापरते.
समासात फक्त प्रश्न.
त्यातलेही काही
ती खोडून परत पाठवते.