चौदावं पान

देवगड बंदरात रात्री नऊनंतर
बर्फाच्या कारखान्याचा क्रशर थांबतो,
तेव्हा आमच्या राज्यात दिवे लागतात.
एक ट्यूब, तीही फडफडणारी,
तिच्याखाली माशांच्या पेट्या उलट्या घालून केलेला दरबार.
नकाशा डिझेलच्या पावत्यांच्या पाठीवर,
मीच काढलेला, पंपावर गिऱ्हाईक नसताना.

दिवसा मी सोसायटीच्या पंपावर लिटर मोजतो.
शनिवारी मी हवा असतो, वाटेतला दरोडेखोर असतो,
आणि खिंडीतला बर्फ.
"बर्फ कसलो?" इनास फर्नांडिसनं पहिल्याच दिवशी विचारलं,
"हयसारखी लादी? काय चुरो?"
चुरो, मी म्हटलं. आभाळातून चुरो पडता.
तो बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिला.

मग त्यानं आपल्या घराण्याचं निशाण ठरवलं: मोरी, तोंड उघडं.
मिताली कुबल कॅनिंगमध्ये दिवसभर डब्यांना लेबलं लावते,
इथे तिच्या शिक्क्याशिवाय मीठ हलत नाही.
रुबीना मुजावर, ग्रामीण रुग्णालयातली नर्स,
ड्यूटीवरून थेट येते, राजमाता होऊन बसते,
चप्पल तेवढी काढून ठेवते.
सगुण धुरत, ट्रॉलरवरचा खलाशी. इथे सरदार.
कमी बोलतो. फासे गालाला लावून टाकतो.

तीन आठवडे खपून मी राजाला विष घातलं होतं.
चौदाव्या पानावर लपवलेला वारस,
मठ, वादळ, अर्धी तुटलेली अंगठी, सगळं तयार.
राजा पडला. मी थांबलो.
आता विचारतील, वारस कुठे.
सगुण म्हणाला,
"त्या राती आचाऱ्याक जेवक कोणी घातल्यान?"

आचारी! माझ्या वहीत तो एका ओळीचा होता.
वाटी घेऊन आत येतो, बाहेर जातो.
त्याला नाव नव्हतं.
त्या रात्री त्याला नाव मिळालं, दोन मुली मिळाल्या,
मितालीकडून गुपचूप मिठाची गोण,
आणि पहाटेपर्यंत तीन घराणी
त्याच्यापायी एकमेकांच्या जिवावर उठली.
मी नुसता विचारत होतो: मग? तुम्ही काय करता?
एवढाच माझा राजदंड. त्यापुढे हात लावायचा नाही.

कारस्थानं चिठ्ठ्यांवर चालतात.
घडी घालून माझ्याकडे येतात, मी वाचतो, चेहरा दगडाचा करतो.
कोण कोणाला विकणार, कोणाचा मोतद्दार फितूर,
सगळं माझ्या खिशात, पंपाच्या किल्ल्यांबरोबर.
नारळी पुनवेनंतरच्या शनिवारी सगुणची चिठ्ठी आली:
"मस्कताक जातंय. दोन वर्सां. कोणाक सांगू नको.
माझ्या सरदाराक मारू नको."

आणि नेमकं त्याच रात्री
सरदाराला राजमातेसमोर आणलं, हात बांधून.
दोष शाबीत. साक्षीदार खुद्द आचारी.
इनास ओरडला, "फाशी!" मितालीनं मान डोलावली.
मला वादळ आणता आलं असतं. दोर तुटला असता.
माझं जग, माझं वादळ, कोण विचारणार होतं?
जीभ चावली आणि म्हटलं,
राजमाता, तुम्ही काय करता?

रुबीनानं चहाचा कप बाजूला ठेवला.
"दूत म्हणून पाठवा त्याला. समुद्रापलीकडे.
दोन वर्षं."

सगुणनं मान वर केली नाही.
दोन वर्षं हा आकडा तर माझ्या खिशात होता, घडी घातलेला.
मग लक्षात आलं: मस्कतला जाणाऱ्याला डॉक्टरचा दाखला लागतो,
आणि रुग्णालयात रक्त काढायला कोण बसतं.
मी समजत होतो,
या दरबारात सगळं ठाऊक असलेला मी एकटाच.

चारला क्रशर सुरू झाला. पेट्या सुलट्या झाल्या.
इनास अजून धुमसत होता,
"आणि दूत थंयच रवलो तर?"
"तर राहील," रुबीना म्हणाली, चप्पल शोधत.

माझा वारस अजून चौदाव्या पानावर उभा आहे.
खांद्यावर चुरो साचतोय.
कोणी बोलावलं तर येईल.