फक्की

भूपाल मगदूम निम्म्या संघाचे मालक.
उरलेला निम्मा सिकंदर बागवानांचा,
मार्केट यार्डात केळीची वखार असलेल्या.
आम्ही चहाला विचारायचो,
"गोलकीपर कुणाच्या वाटणीला आला, शेठ?"
मगदूम हसायचे न्हाईत.
"हरलं की सगळा माझाच."

मी त्यांचा लाइनआउटचा माणूस.
चौदा इमारतींच्या पायात माझ्या हातची फक्की आहे.
खुंटी ठोकायची, दोरा ताणायचा,
मुठीतनं पांढरं सोडत चालायचं,
मागं बघायचं न्हाई.
कळंबा, देवकर पाणंद, फुलेवाडी,
जिथं फक्की टाकली तिथं आधी
दोन दगडांचा गोलपोस्ट होता.
पोरं दगड उचलून पुढच्या प्लॉटवर जायची.
पुढच्या साली पुढच्या प्लॉटवर मी.

संघ घेतला तेव्हा गोव्याचा कोच आला,
घानाचा एक ताडमाड फॉरवर्ड आला.
तो सॅम्पल फ्लॅटमध्ये राहायचा.
तिथं प्लॅस्टिकची सफरचंदं होती, चकचकीत नळ होते,
नळाला पाणी नव्हतं.

कोच म्हणाला, अख्ख्या शहरात सरावाला जागा न्हाई.
मगदूमांनी माझ्याकडं बघितलं.
मी चपलेकडं.

पाचगावचा प्लॉट. पावणेदोन एकर,
सात मजले मंजूर, बावीस बुकिंग.
पहाटे फोन आला, "फक्की घेऊन ये."
"कॉलम कुठनं धरू?"
"कॉलम न्हाई रं. पेनल्टी एरिया."

चौकोन काढण्यात हयात गेली.
त्या दिवशी पहिल्यांदा वर्तुळ मारलं,
मधी खुंटी, हातात दोरा,
आणि मी भोवती,
चरकाला जुंपलेल्या बैलासारखा.

बुकिंगवाले रविवारी पाया बघायला आले.
मगदूम म्हणाले, माती परीक्षण चालू आहे.
बागवान हळूच म्हणाले,
"अकरा माणसं करायला लागल्यात."

आठ सामने. सहा हरलो.
एक बरोबरीत सुटला.
जिंकलो त्या रात्री मगदूम एकटेच
मैदानात बसले होते, मोटारीचे दिवे चालू ठेवून.
सकाळी बॅटरी उतरलेली.
आम्ही चौघांनी ढकलली.

मग बँकेचा माणूस आला. पुढचं काय सांगायचं?
संघ विकला, दोन्ही निम्मे एकदम.
फॉरवर्ड जाताना एक प्लॅस्टिकचं सफरचंद घेऊन गेला.

मी परत त्याच जागेवर, नकाशा घेऊन.
कॉलम सी-सात
बरोबर पेनल्टीच्या ठिपक्यावर येत होता.
पाच बोटं सरकवला.
इंजिनिअरला बोललो न्हाई.

आता तिथं पार्किंग आहे.
बी विंगचे इनामदार गाडी वळवताना रोज करवादतात,
खांब वाकड्यात बसवलाय म्हणून.

मगदूम एकदा आले होते.
खांबाजवळ थांबले,
टाचेनं फरशी दाबून बघितली.
"पाचच बोटं?
वीतभर तरी सरकवायचा हुतास की."