दाब

चावी माझ्या खांद्याएवढी, लोखंडी.
भांडुपहून निघालेलं पाणी
परळच्या कुठल्या गल्लीत किती वाजता चढेल
ते गेली सव्वीस वर्षं मी ठरवतो.
बेचाळीस आटे उघडायचे, बेचाळीस बंद करायचे,
मोजून.
घाई केली की लाइन दणका देते.

जुन्या नळाचं एक असतं,
फुटायच्या आधी तो कळवत नाही.
वर डांबर कोरडं, चाळीत पाणी झकास,
आणि आत गंजाची साय
वर्षानुवर्षं धरत असते.

हे मला माहीत होतं.
तरी दवाखान्यात रेश्मा तांडेलनं दंडाला पट्टा गुंडाळून
"एकशे शहात्तर, खालचं एकशे चार" म्हटलं
तेव्हा मी म्हणालो, मला काहीच होत नाही, बाई.
"शिवडीच्या नळालाही काही होत नव्हतं ना?"

शिवडीचा नळ सगळ्यांना माहीत.
घाडीचं आम्हा चौघांनाच.

पहाटे चार. केईएमपासून दहा मिनिटांवर
गंगाराम घाडीच्या उजव्या हातातून चावी सुटली.
तोंड एका बाजूला ओघळलं. बोलू लागला
ते मालवणी नव्हतं, मराठीही नव्हतं.
आम्ही हसलो. रात्रपाळीत तो नकला करायचा.
मग कांदा हुंगवला.
मग चहा पाजला, तो गालावरून सांडला.
मग चौकीतल्या बाकावर निजवला,
झोप झाली की उतरेल.
काय उतरेल, कुणी विचारलं नाही.
साडेनऊला त्याच्या मुलीनं टॅक्सी केली.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, किती वाजता झालं?
आणि आम्ही चौघं, मिनिटाच्या हिशोबानं पाणी सोडणारे,
एकमेकांच्या चपला बघत राहिलो.

आता माझं.
रोज एक पांढरी गोळी, अर्धी गुलाबी.
मधे दोन महिने सोडली होती, बरं वाटत होतं म्हणून.
शालन म्हणाली, नळ फुटला नाही म्हणून
व्हॉल्व्ह भंगारात घालता का तुम्ही?
सुकट ती आता क्वचित करते,
तीही तीन पाण्यांतून काढून.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
माझं रक्त जरा जास्तच जागलं.
तंबाखूची डबी अजून खिशात आहे, खोटं कशाला बोलू.
आत बडीशेप असते, सोमवार ते शुक्रवार.
शनिवारचं विचारू नका.

गेल्या रविवारी काळाचौकीला गेलो, घाडीकडे.
डाव्या हातानं उजवा उचलून
तो मांडीवर ठेवतो, झोपलेल्या पोरासारखा.
मला बघून त्याला खूप सांगायचं होतं.
निघाला एकच शब्द: चावी.
पाणी हवंय? नाही. चष्मा? नाही.
चावी, चावी, असा चिडला
की डोळ्यांत पाणी.
मग डाव्या हातानं त्यानं माझा दंड धरला,
पट्टा बांधतात बरोब्बर तिथं,
आणि आवळला.

मी आटे मोजू लागलो.