खातेक्रमांक

एजंटबाईंच्या टेबलावर कागदी पेल्यांत कॉफी,
पुडीतली, गोडमिट्ट.
ग्युसोक तिसऱ्यांदा बेरीज करतो :
घरमालकाकडे अडकलेली अनामत,
बाबांनी टॅक्सीचा परवाना विकून दिलेले,
बँकेचे, आणि त्या बँकेच्या वर आणखी एका बँकेचे.
आमच्या सोलमध्ये याला शब्द आहे,
आत्म्यापर्यंत खरवडणं.
टोपाच्या बुडाचा भात खरवडतात तसं.
करपलेलाच जास्त खमंग, आई म्हणायची.
भाताबद्दल.

घर नवव्या मजल्यावर, सतरा प्योंग,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठं.
नळाला आधी तांबूस पाणी येतं, मग साधं.
बाल्कनीतून सुराक डोंगराचा एक कोपरा दिसतो,
उरलेला समोरच्या इमारतीने घेतलाय.
म्हातारीने फ्रीजमागची भिंत दाखवली,
पेन्सिलीच्या रेघा, मुलाची उंची.
"ही शेवटची. मग तो सैन्यात गेला."
आणि गुडघे धरत वाकून जमिनीवर तळवा टेकला,
"इथे ऊब जास्त असते. का ते माहीत नाही."

आम्ही हो म्हणालो.
दोघंही, एकाच वेळी,
जे आमच्यात फारसं होत नाही.

आणि आता म्हातारी खातेक्रमांक देत नाहीये.
बयाणा पाठवायचा कुठे, तेच सांगत नाही.
शेजारच्या इमारतीत काल एक घर
तीन कोटी वॉन जास्त घेऊन गेलं म्हणे.
एजंटबाई फोनवर हात ठेवून कुजबुजतात,
"मुलगा थांब म्हणतोय तिला. आणखी चढेल म्हणतोय."
तोच. रेघांचा.

खालच्या दुकानाबाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर
आम्ही नूडलच्या पेल्यांवर झाकणं दाबून बसतो.
"बरंच झालं कदाचित," ग्युसोक म्हणतो, "भाव पडणार आहेत."
माझा मेहुणा अकरा वर्षं हेच सांगतोय.
अजून भाड्याने राहतो.
झोप मात्र छान लागते त्याला.

नऊ चाळीसला फोन थरथरतो.
खातेक्रमांक.
त्याखाली नवा आकडा, ठरल्याहून एक कोटी वर,
त्याखाली : रात्री बारापर्यंत.

ग्युसोक काड्या हवेत धरून माझ्याकडे बघतो.
मी आकड्यांकडे.
मध्ये दोन छोट्या आडव्या रेघा.
नूडल फुगून पेल्याच्या काठाला आलेत.
वर, नवव्या मजल्यावर, दिवा मालवला जातो.
निजली असेल.
त्याच जागी, बहुतेक.