भट्टीची वाळू

कुर्ल्याच्या फुटपाथवरून अकरा आले,
वनखात्याच्या गोणीत, तेलाच्या बाटल्यांसकट.
दहांचे कणे मोडलेले. पळू नयेत म्हणून
विकणारा अंगठ्याने दाबतो म्हणे,
शेंग फोडावी तसा.
त्या दहांचं विचारू नका.
अकरावा सांडा गोणीच्या तळाशी
काटेरी शेपूट उगारून बसलेला.
कागदावर तोही मुद्देमाल.

परळच्या दवाखान्यात मी ड्रेसर.
बैलाचं शिंग, कुत्र्याचा कान,
एवढंच माझ्या हातांना ठाऊक.
डॉक्टर रेवती वाचून सांगत गेल्या:
पाला खातो. पाण्याचं भांडं ठेवू नका.
मीठ जास्त झालं की नाकातून शिंकरतो.
आणि चाळीस अंश ऊन लागल्याशिवाय
खाल्लेलं पचत नाही.

चाळीस!
ऑगस्ट चालू होता.
आमच्याकडे कापूससुद्धा वाळेना.

बांधकामाची रेती आणली, ती ओली.
जुहूची खारट, ती नको म्हणाल्या.
तीन दिवस तो काळा, थार पडलेला,
कुणाची वहाण राहून जावी तसा.
पुढ्यातली मेथी सडली.

मग दुलीचंद परदेशी आठवले,
लालबागच्या कोपऱ्यावर फुटाणे भाजणारे.
कशाला हवी, विचारलं नाही त्यांनी.
झाऱ्याने चणे निवडून काढले नि म्हणाले,
"एकवीस वर्षं भाजतोय हिला.
पाणी काय असतं, विसरली असेल."

टॉवेलात गुंडाळून डबा आणला.
बाळाच्या पाण्यात घालतात तसं
कोपर घालून पाहिलं,
मग ओतली.

पाऊण तास काहीच नाही.
मग काजळी उतरावी तशी पाठ उतरत गेली,
राखाडी, मग शेंगदाण्याच्या टरफलासारखी.
मांडीवर एक निळा डाग निघाला,
इतके दिवस होता कुठे कोण जाणे.
वाळूत राहिलेला एक फुटाणा
त्याने बराच वेळ चावला.
आणि खणायला लागला.

गावाकडे दोन हात खोल जातो म्हणे,
वळण घेऊन. माझ्याकडे वाळू वीतभर.
रात्रपाळीला मी ऐकत बसले
पत्र्यावर नखं, थांबून, पुन्हा नखं.

सकाळी पाहते तर भोक नाही, माती उकरल्याची खूण नाही.
सगळं सपाट. आतून बुजवलेलं.

आता रोज सहाला डबा घेऊन जाते.
दुलीचंद कढईतून मान वर न करता विचारतात,
"भाडेकरू काय म्हणतोय?"

"दार लावून घेतलंय," मी सांगते.