बाद

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नव्या नोटांचे ताव तपासले मी.
शाई पसरली, बाद.
आकडा केसभर सरकला, बाद.
सवय जात नाही. आता कादंबऱ्या तपासते.
नावं सांगणार नाही. नाशिक लहान आहे,
लेखक बिटको चौकात मेथी निवडताना भेटतात.

पहिली राजाची, सहाशे बारा पानं.
राजा घोड्यावर बसेपर्यंत साठ गेली,
बसल्यावर त्याला आई आठवली, आणखी चाळीस.
घोडा मात्र छान उतरलाय.
घोड्यावरच लिहायची होती.

दुसरीत शहरातली बाई खेड्यात येते
आणि तिला शांतता सापडते.
कुठल्या खेड्यात?
आमच्या पळशात पहाटे चारला
द्राक्षांच्या फवारणीचे ट्रॅक्टर सुरू होतात.
लेखिकेला कळवणार होते. पत्ता नव्हता.

तिसरी अर्धी आवडली.
नवराबायको न भांडता वेगळे होतात,
फ्रीज कोणी न्यायचा यावर अठरा पानं.
त्या अठरा पानांपायी दोनपर्यंत जागले,
सकाळी दूधवाला बेल वाजवून निघून गेला.
आणि शेवटी काय, तर पाऊस पाडला.
असं का करतात?
सुचेना काही, की आलं आभाळ भरून.

मग डाव्या डोळ्याचं ऑपरेशन.
काळा चष्मा, सहा आठवडे अक्षर बंद.
वेदांगनं फोनमध्ये ऐकायची पुस्तकं घालून दिली.
कानात बोंडं घालून वालदेवीच्या पुलापर्यंत जायचं,
परत यायचं.

वाचणारे सगळे गोड.
खून झाला तरी गोड, भाकरी करपली तरी गोड.
एकानं दातातला 'ज' सोडूनच दिलाय.
'साऱ्या जगानं त्याला टाकलं,' म्हणतो
तेव्हा मला टेबलावरचा स्टीलचा जग दिसतो,
आणि शेजारी तोंड पाडून नायक.
सासू आली की सगळे नाकात बोलतात.
मीही सासू आहे.

एक होती, चहाच्या टपरीवाल्याची. सुमार.
गोष्ट पाचव्या मिनिटाला कळली,
योगायोग इतके की मोजायचं सोडलं.
वाचणारी कोणी नवखी,
मागे कुकरची शिट्टी, तीसुद्धा काढली नव्हती.
अकराव्या भागात म्हातारा मुलाला म्हणतो,
तू येशील म्हणून मी कुलूप बदललं नाही.
'येशील' म्हणून ती थांबली.
काहीतरी गिळलं. अगदी कानापाशी.
मग उरलेलं वाक्य घाईघाईनं, जाड आवाजात.

आमच्याकडे ही खोट.
ताव बाजूला, शिक्का, मशीनमध्ये कपटे.
मी पुलावर उभं राहून
पाच वेळा मागे घेतलं.
रिक्षावाला ओरडला, मावशी, कडेला व्हा.

चष्मा उतरला तशी वाचनालयात गेले.
बोराड्यांनी ती कादंबरी काढली, मग माझ्याकडे पाहिलं.
"तुम्ही? आणि ही?"
पान दोनशे सात.
तिथे स्वल्पविराम नव्हता.
लेखकानं ते वाक्य सरळ पळवलं होतं,
आपण कशावरून चाललोय ते न बघता.

जन्मात मी पुस्तकावर रेघ मारलेली नाही.
मारणाऱ्यांना शिव्या घातल्यात, नावानिशी.
बोराड्यांकडूनच पेन्सिल मागितली,
'येशील'पुढे एक स्वल्पविराम काढला, बारीक,
तपासणाऱ्यालाच दिसेल एवढा.

कादंबरी वाईटच आहे. घेऊ नका.
घेतलीतच, तर दोनशे सातवर बघून सांगा,
डोळा अजून नीट बसलेला नाही,
थोडा खाली तर नाही ना सरकला?